पाचव्या गाण्यातला आवाज

१२ जून

प्रिय डब्या,

सहा महिने फोनला हात लावणार नाही, कोणाला काही सांगायचं असेल तर त्याने कागदावर लिहावं, असं जाहीर करून तू त्या डोंगरातल्या स्टुडिओत जाऊन बसलास. बैस बापडा. तिथवर पोस्टमन येतो असं तुझ्या गिटारवाल्या मित्राने सांगितलं, म्हणून लिहितेय.

तुझा अल्बम 'उणे अठरा' ऐकला. मी कामावर निघताना तुझ्या भाचीने तिचे हेडफोन माझ्या गळ्यात अडकवले. लॅबमध्ये कवळ्या घासताघासता ऐकत होते. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा मला वाटलं पॉलिशचं यंत्र बिघडलं. उठून बंद करून आले, तरी खरखर चालूच. मग कळलं की हेच गाणं. तू लहानपणी स्वयंपाकघरातले डबे बडवायचास त्याला निदान ताल असायचा.

पण लोकांना आवडतंय. श्रोत्यांची पत्रं येतात तो ईमेलचा पत्ता तू भाचीच्या ताब्यात दिलास, तेव्हापासून पोरगी जेवताना ताटात कमी आणि फोनमध्ये जास्त असते. एक जण लिहितो की तो क्रेन चालवतो आणि तिसरं गाणं फक्त वर केबिनमध्ये बसूनच ऐकतो, खाली ऐकलं तर चक्कर येते. एका शिक्षकाने पैसे परत मागितलेत. एका नव्या जोडप्याचं पाचव्या गाण्यावरून भांडण झालं. तिला ते अंगाईसारखं वाटतं आणि त्याला ते लागलं की खोलीबाहेर जावंसं वाटतं.

पाचव्या गाण्याबद्दलच लिहायचं होतं. त्यात बाबा आहेत. आधी मला कळलंच नाही. नुसती टकटक, थांबूनथांबून, आणि मग तो आवाज. "आत कोणी आहे का? ... आत कोणी नाही. लाव दार." ऐकणाऱ्यांपैकी कोणी म्हणतं 'आता कोणी नाही', कोणी म्हणतं 'लावणार'. बाबांची कवळी मीच बनवलीय. ती काढल्यावर त्यांच्या तोंडातून कुठलं अक्षर कसं सांडतं ते मला माहीत आहे.

गेल्या वर्षी तू महिनाभर राहिलास, दुपारी त्यांच्या खाटेजवळ बसायचास. मला वाटलं, चला, सोळा वर्षांचा राग गेला. तू झोपलेल्या माणसाला रेकॉर्ड करत होतास. निदान मला तरी विचारायचंस.

बाबा बरे आहेत. उजवा हात तसाच लुळा.

ताई


२७ जून

डब्या,

उत्तर नाही. ठीक आहे.

तुझं पाचवं गाणं भलतंच गाजतंय. 'आत कोणी नाही' असं छापलेले टी-शर्ट निघालेत. एका कॉलेजच्या मुलीने तेच शब्द मनगटावर गोंदवून घेतलेत. ती लिहिते, "मला आतून जे वाटतं ते पहिल्यांदा कोणीतरी बोललं." भाचीने तिला मोठं उत्तर लिहिलं, डॉक्टरकडे जा असंही लिहिलं. शहाणी आहे पोरगी. एक म्हातारे गृहस्थ म्हणतात की यात मोठं तत्त्वज्ञान आहे. हे वाचताना मला हसू आलं, कारण बाबा त्या वेळी शेजारच्या खोलीत तोंड उघडं टाकून घोरत होते.

पण एक पत्र वाचून हसू आलं नाही. "ती टकटक सुरू झाली की मी दर वेळी गाणं बंद करतो. का ते माहीत नाही. कोणीतरी माझ्याकडे काहीतरी मागतंय आणि मी देत नाहीये, असं वाटतं."

आणि काल रात्री जेवताना भाचीने आणखी एक वाचून दाखवलं. त्यात ना कौतुक ना शिव्या. दोनच प्रश्न. "पाचव्या गाण्यातला माणूस कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होता का? अल्बमचं नाव उणे अठरा का ठेवलं?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. पोरीला म्हटलं, पुसून टाक ते. ती म्हणाली, "का? आजोबा होतेच की कोल्ड स्टोरेजमध्ये." मी म्हटलं, लोकांना नसत्या चौकशा हव्यात कशाला.

तुला ती गोष्ट आठवत नसणार. तू पहिलीत होतास, मी नववीत. एक हमाल रात्री थंड खोलीत आत राहिला होता, सकाळी मेलेला सापडला. प्यायलेला होता, स्वतःच आत जाऊन पडला. रीतसर चौकशी झाली, बाबांनी सगळं सांगितलं आणि प्रकरण मिटलं. अपघात होता तो.

तू नाव उणे अठरा का ठेवलंस? मला वाटलं होतं, असतात तुमच्यात अशी नावं. आतल्या खोलीचा पारा तेवढ्यावर ठेवायचे, हे मला काल आठवलं. बाबा घरी आले की त्यांच्या कोटाला तो गार वास यायचा.

एक ओळ लिही. एकच.

ताई


५ जुलै

डब्या,

पोरीने त्या दोन प्रश्नांना उत्तर दिलंय. मला न सांगता. "हो, ते माझे आजोबा, सुपरवायझर होते," असं. वर भेटायचं असेल तर आईला भेटा म्हणून माझ्या लॅबचा पत्ता. घरचा दिला नाही, तेवढी अक्कल दाखवली.

मी तिला खूप बोलले. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, "आई, पत्र एका बाईचं आहे, ती फक्त विचारतेय. तू एवढी का घाबरतेस?"

मी खरंच घाबरलेय. हे जहाजावर, सप्टेंबरशिवाय येत नाहीत. घरात मी, पोरगी आणि खाटेवरचा एक म्हातारा. कालपासून मी रस्त्याकडचे पडदे ओढलेत. खाली कोणी गाडी थांबवली तरी खिडकीच्या कडेने बघते. काल गॅसवाला आला, तर मी दार न उघडता आतून विचारलं, कोण. तो म्हणाला, "ताई, मीच, दर महिन्याचा." तरी मला कडी काढायला वेळ लागला.

कडी म्हणजे मुख्य दाराची. आतल्या दारांना आपल्याकडे कड्या नाहीतच. तुला सांगायला नको. ड्रमचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तू स्वतः कडी बसवून खोली आतून लावलीस आणि बाबांनी पहारीने दार फोडलं. त्याच रात्री तू गेलास. तेव्हा मला तू हट्टी वाटला होतास आणि बाबा तापट.

बाबा झोपेत काय बोलतात ते मी इतकी वर्षं नीट ऐकलंच नव्हतं. तू ऐकलंस. काय काय ऐकलंस?

ताई


११ जुलै

डब्या,

ती आली होती.

दुपारची वेळ, लॅबमध्ये मी एकटी. बस चालवते ती. अंगावर गणवेश होता, ड्यूटी संपवून थेट आली असावी. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. दारातूनच म्हणाली, "तुम्ही सुपरवायझरांची मुलगी ना?"

"कोणते सुपरवायझर?" मी म्हटलं. हातातली कवळी खाली ठेवली नाही.

"माझे वडील तिथे हमाल होते. आत राहिले ते."

बसा म्हणायचं सुचलं नाही, तीच स्टूल ओढून बसली. तिचा मुलगा तुझी गाणी ऐकतो. पलीकडच्या खोलीत ती कपडे वाळत घालत होती आणि भिंतीतून टकटक ऐकू आली. मग ते वाक्य. तिची आई ते वाक्य आयुष्यभर म्हणत आलीय, कारण चौकशीत बाबांनी तेच सांगितलं होतं. "मी विचारलं, आत कोणी आहे का. उत्तर आलं नाही. म्हणून म्हटलं, आत कोणी नाही, लाव दार."

आणि मी काय केलं माहितेय? मी म्हटलं, "बाबा तरुणपणी नाटकात काम करायचे. ते नाटकातलं वाक्य आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अस्सं. मग माझ्या आईला ते नाटक पाठ आहे."

ती आवाज न चढवता बोलत होती, त्याचीच जास्त भीती वाटली. आरडाओरडा केला असता तर मीही केला असता.

"माझ्या वडिलांच्या कपड्यांना दारूचा वास होता, म्हणून ते दारुडे ठरले," ती म्हणाली. "आमच्या गल्लीत अजून दारुड्याची पोर म्हणतात मला. माझ्या सासरीही तेच कळवलं होतं कोणीतरी. पण आईने त्यांना आंघोळ घातली तेव्हा त्यांचे हात बघितले. बोटांच्या पेरांवर कातडी नव्हती. प्यायलेला माणूस झोपून जातो हो, ताई. एवढं ठोकत नाही."

मी हातातली कवळी उगाच पुसत राहिले.

"मला भांडायचं नाही. त्या गाण्यात 'लाव दार' नंतर ते श्वास घेतात. कोणी पुढे बोलण्याआधी घेतो तसा. आणि तिथेच कापलंय. पुढचं मला ऐकायचंय. आई आहे अजून. तिला ऐकवायचंय."

"पुढे काही नाही," मी म्हटलं.

ती उठली. जाताना टेबलावर एक कागद ठेवला, त्यावर फोन नंबर. "तुम्ही ऐकलं असेल तरच सांगा, पुढे काही नाही म्हणून," एवढं म्हणाली आणि गेली.

मी ऐकलेलं नाही, डब्या. तूच ऐकलंयस.

ताई


२० जुलै

डब्या,

आठवडाभर दुपारची सुट्टी घेऊन बाबांच्या उशाशी बसतेय. लॅबमध्ये सांगितलंय की त्यांना बरं नाही.

जेवण झालं की कवळी काढून वाटीत ठेवते. पाय चेपले की डोळा लागतो. आणि थोड्या वेळाने डावा हात सुरू होतो. खाटेच्या लोखंडी कडेवर बोटांची पेरं आपटतात. टक टक, मग थांबतात, मग टक. डॉक्टरांनी मागे सांगितलं होतं की शिरांची हालचाल आहे, लक्ष देऊ नका. मी दिलं नाही.

परवा मी त्यांचा हात धरला. ते माझ्या तळव्यावर ठोकत राहिले. डोळे मिटलेले, चेहरा शांत आणि हात ठोकतोय. मला सोडवेना आणि धरवेना. मग ते म्हणाले, "आत कोणी आहे का?" इतक्या साध्या आवाजात, की मी हो म्हणणार होते.

त्यानंतर काहीतरी पुटपुटले, पण मला शब्द लागले नाहीत. तीच खाट, तेच तोंड, आणि मला शब्द लागले नाहीत. कदाचित कान देताना मीच मनातून नको म्हणत असेन.

संध्याकाळी जागे असताना मी धीर करून विचारलं, "बाबा, तो हमाल, त्या वेळचा..." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाले, "पंखा कमी कर. गार वाटतंय." पंखा बंद होता.

या माणसाने मला सायकल शिकवली. नापास झाले तेव्हा आईपासून लपवून सिनेमाला नेलं. कधी हात उगारला नाही. त्याला आता मी रोज पुसते, भरवते, आणि घास तोंडाजवळ नेताना मी नजर चुकवते. ते बघतात. त्यांना कळतं का, याची मला भीती वाटते. आणि मला कळेल याची त्याहून जास्त.

तरीही पाठव. कापलेलं सगळं पाठव. तू घाबरून कापलंस की गाण्यात बसेना म्हणून कापलंस, ते मला विचारायचं नाही. ती बाई पुन्हा आली नाही, फोन नाही, काही नाही. ती आली असती तर बरं झालं असतं, तिला हाकलता तरी आलं असतं.

ताई


८ ऑगस्ट

डब्या,

तुझं पाकीट मिळालं. चिठ्ठी नाही, नुसतं मेमरी कार्ड. पोरगी कॉलेजात गेल्यावर ऐकलं.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण हे माझ्याशिवाय आणखी कोणाला तरी ठाऊक आहे हे मला कागदावर बघायचंय.

बाबा दोघांचं बोलतात. एक त्यांचा आवाज, एक हाताखालच्या कोणाचा तरी, बारीक, घाबरलेला.

"साहेब, कोणीतरी ठोकतंय."

"कॉम्प्रेसर आहे तो."

"कॉम्प्रेसर थांबत नाही, साहेब. हे थांबूनथांबून येतंय."

"आत्ताच पारा खाली आलाय. पुन्हा उघडलं तर सकाळी मला बोलणी बसतील. आत कोणी आहे का? ... बघ. आत कोणी नाही. लाव दार."

मग तो श्वास. आणि मग तुझा आवाज, डब्या. इतका हळू की आधी ओळखलाच नाही. "बाबा, मग दार उघडलंच नाही?"

"उघडलं ना. सकाळी उघडलं."

"मग?"

"मग त्याच्या सदऱ्यावर बाटली ओतली."

"कोणाची बाटली?"

"माझीच."

पुढे कितीतरी वेळ नुसती टकटक आहे आणि तू रडतोयस.

तू हे ऐकून महिनाभर आमच्यात जेवलास, हसलास, मला स्टेशनवर सोडायला येऊ नको म्हणालास. एकट्याने वाहिलंस हे. कोणा एकाला सांगता येईना म्हणून गाणं करून सगळ्यांना सांगितलंस, आणि तरी अर्धंच सांगितलंस. मी रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण ते नंतर.

त्या कागदावरच्या नंबरवर मी फोन केला. तीन वेळा लावून तीनदा ठेवून दिला. चौथ्यांदा तिने उचलला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "पुढे आहे."

ताई


१४ ऑगस्ट

डब्या,

त्यांच्याकडून आत्ताच परत आले. बाबांना भरवलं, तोंड पुसलं, ते झोपलेत. भाची त्यांच्याजवळ बसलीय. तिला सगळं सांगितलं. तिने आजोबांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

बसवालीला मी कार्ड देऊन टाकलंय. ती ते जिथे द्यायचं तिथे देणार आहे, वडिलांच्या नावापुढचं 'दारुडा' खोडून घ्यायला. मी हो म्हटलंय. कोणीतरी चौकशीला येईल. खाटेवरच्या माणसाला काय करतील मला माहीत नाही. लोक तोंडावर काय बोलतील आणि पाठीमागे काय, तेही माहीत नाही. जिन्यात पावलं वाजली की अजून आधी कडी तपासते. तू मात्र आता ये. स्टुडिओ कुठे पळून जात नाही.

आता तिथलं सांगते.

एका लांब ओसरीवर एकाला एक लागून खोल्या आहेत, त्यांची शेवटची. म्हातारी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. अगदी लहानशी दिसते. कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळं मोठ्याने बोलते. तिने मला बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. हेडफोन तिला सोसत नाहीत, म्हणून मुलीने नातवाचा स्पीकर मांडला, खोलीचं दार लोटून घेतलं, आणि कार्ड लावलं.

मी जमिनीवर बसून खाली बघत होते. बाबांचा आवाज त्या परक्या खोलीत सुरू झाला तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं. म्हातारी कानामागे हात धरून ऐकत होती. ठोकण्यापाशी तिने डोळे मिटले. बाटलीपाशी उघडले. तू रडायला लागलास तिथे मुलीने बंद केलं.

"परत लाव," म्हातारी म्हणाली.

परत लावलं. ते संपल्यावर तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आता तळतळाट देणार, असं मला वाटलं. मी तयार होते. खरं सांगू, मला तो हवा होता.

"हा तुझा बाप?"

"हो."

"आहे अजून?"

"आहे. खाटेवर आहे."

"जेवतो?"

"मी भरवते."

तिने मान हलवली. मुलगी तिचे पाय दाबत होती आणि मध्येच पदराने स्वतःचं नाक पुसत होती. मग म्हातारीने नवऱ्याचं नाव घेतलं. मुलीचे हात थांबले. नंतर ओसरीवर आल्यावर ती मला म्हणाली, मी लहान होते तेव्हापासून आईच्या तोंडून हे नाव ऐकलं नव्हतं.

"प्यायलेला नव्हता तो," म्हातारी म्हणाली. आम्हाला नाही, समोरच्या भिंतीला. आणि मग मुलीला, "दार उघड."

मुलीने दार उघडलं. ओसरीवर शेजारणी बसल्या होत्या, कोणी निवडत होती, कोणी पोराला बडवत होती. त्यांनी वळून बघितलं.

"आता मोठ्याने लाव. बाटलीपासून लाव."

"आई, सगळ्यांना ऐकू जाईल."

"जाऊ दे."

बसवाली स्पीकरजवळ गेली. तिने बटणावर हात ठेवला, पण फिरवलं नाही. माझ्याकडे बघत राहिली. बाप माझा होता ना, म्हणून विचारत होती.

मी उठले, तिचा हात बाजूला केला आणि आवाज वाढवला.

ताई